गेरूचं सूत

लढाईवरून घरी आलेल्या माणसाने आधी बायकोकडे पाहावं, मग लेकराकडे, मग छपराकडे. फौजीने तिन्हींकडे पाहिलं, नाही असं नाही. पण त्याच्या मनात घर करून बसलं ते कामाचं बाकडं.

कारखाना म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. मधोमध बापाच्या हातचं जाडजूड बाकडं, आणि त्याच्या डाव्या टोकाला लाकूड घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी शिकंजा. उजव्या हाताने करवत चालवणाऱ्याला लाकूड डावीकडे धरलेलं लागतं, म्हणून शिकंजा डावीकडे. बापाचा तिथेच होता, फौजीचाही तिथेच होता. आणि आता तो उजव्या टोकाला होता. डावीकडची जुनी भोकं लाकडी गुल्ल्या ठोकून बुजवलेली, वरून रंधा फिरवलेला. काम इतकं सफाईदार की नखालासुद्धा सांधा लागत नव्हता. वाईट केलं असतं तर निदान चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

"तू गेल्यावर मला सोयीचं पडेना, दादा," धाकटा भाऊ म्हणाला. "डावखुऱ्याचे हाल तुला माहीतच आहेत."

"माहीत आहेत ना," म्हणत फौजी हसला. हसला खरा, पण आत काहीतरी करपलं. आपण तिकडे मरणाच्या दारात आणि हा इकडे आपली जागा बदलून घेतोय, हा विचार त्या क्षणी त्याच्या डोक्यात शिरला आणि वाळवीसारखा तिथेच राहिला.

डावखुऱ्याचे हाल त्याच्याइतके कुणाला माहीत असणार? धाकटा लहानपणी जे उचलायचा ते डाव्या हाताने. बाप म्हणायचा, डाव्या हाताचा सुतार म्हणजे गिऱ्हाइकाला अपशकुन. बाप दुष्ट नव्हता. त्याची हत्यारं उजव्या हाताची होती आणि डोकंही. फळीवर सरळ रेघ पाडायला सुतार गेरूत भिजवलेलं सूत ताणतात आणि टिचकी मारतात. ते सूत दारामागच्या खिळ्याला टांगलेलं असायचं. बाप त्याच सुताने धाकट्याचा डावा हात बाकड्याच्या पायाला बांधायचा, उजव्यात खाचा पाडायची पटाशी द्यायचा आणि जेवायला जायचा. तो गेला की थोरला, म्हणजे आपला फौजी, बाकड्याखाली शिरायचा आणि गाठ दातांनी सोडवायचा, कारण बापाच्या गाठी बोटांना दाद देत नसत. गेरूची मातकट चव मग दिवसभर तोंडात राहायची. धाकटा डाव्या हाताने भराभर खाचा पाडून मोकळा व्हायचा आणि बापाची पावलं वाजली की थोरला तो हात पुन्हा होता तसा बांधून ठेवायचा. बाप खाचा निरखून म्हणायचा, "बघा! बांधला की येतं की नाही?" आणि मरेपर्यंत बिचारा त्याच समजुतीत राहिला.

पुढे लढाई लागली. घरटी एक माणूस द्यायचा हुकूम निघाला. थोरल्याचं लग्न नुकतंच झालं होतं, म्हणून धाकटा पिशवी भरून दारात उभा राहिला. थोरल्याने ती पिशवी हिसकावून घेतली. "डावखुऱ्याला बंदूक कोण देणार? आपल्याच माणसांवर झाडशील," असं म्हणून तो स्वतःच चालता झाला. तिकडे त्याने पूल बांधले, पुलांच्या फळ्या बदलल्या आणि लांबट पेट्या ठोकल्या. त्या पेट्यांत काय जायचं ते त्याने घरी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. शेवटी एक तुळई सुटली आणि उजव्या हाताची मधली दोन बोटं घेऊन गेली. तो घरी आला तेव्हा गावाने त्याला फौजी हे नाव दिलं, आणि सुतार हे नाव तोवर धाकट्याला देऊन झालं होतं.

आणि पोरगी. तो गेल्यावर जन्मलेली, आता दुधाचे दात पडायला लागलेली. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. हे नावही काकाने ठेवलेलं. फौजी दारात उभा राहिला तेव्हा ती धावत जाऊन काकाच्या पाठीमागे लपली आणि तिथून डोकावून म्हणाली, "काका, हेच का ते?" फौजीने हात पुढे केला. तिने त्या हाताकडे पाहिलं, नाहीशा झालेल्या बोटांकडे पाहिलं, आणि काकाचा सदरा आणखी घट्ट धरला.

काकाला ती अरे-तुरे करायची. काका, तू इकडे ये. काका, तू खोटारडा आहेस. आणि बापाला म्हणायची, "तुम्ही जेवलात का?" एखाद्या पाहुण्याला विचारावं तसं. मान दिला म्हणून कुणी रडत नाही, पण फौजीला त्या 'तुम्ही'ने घास जात नव्हता.

त्यात बायकोची जीभ. तिच्या मनात पाप नव्हतं, तेच तर वाईट. "अहो, भाऊजींनीच बसवला हा कडीकोयंडा." "भिंगरीच्या गोवरात भाऊजी उशाशी बसून होते हो." "भाऊजींना चहा बिनसाखरेचा." फौजीला चहा कसा लागतो हे तिला दोनदा विचारावं लागलं होतं. एकदा तर तिने पाण्याचा पहिला पेला सवयीने धाकट्यापुढे ठेवला, मग जीभ चावून तो उचलला आणि नवऱ्यापुढे सरकवला. फौजी ते पाणी प्यायला नाही. त्या दिवशी त्याने नको नको ते विचार केले. बायकोचं हसू पाहिलं, भावाची नजर पाहिली, आणि काहीच सापडलं नाही म्हणून तो आणखी चिडला. काही सापडलं असतं तर भांडता आलं असतं. चांगुलपणाशी भांडायचं कसं? सवतीमत्सर बायकांनाच होतो असं ज्याने ठरवलं त्याला सख्खा भाऊ नसावा.

समोर न्हाव्याचं दुकान होतं. न्हाव्याचा वस्तरा बोथट, पण जीभ मात्र रोज परजलेली. फौजीच्या गालाला साबण लावत तो म्हणाला, "नशीबवान आहेस बाबा. तुझं घर भावाने अगदी स्वतःचं समजून राखलं." बाकीची गिऱ्हाइकं माना डोलावत होती. फौजी अर्धी दाढी तशीच ठेवून उठला, टॉवेल खुर्चीवर फेकला आणि रस्ता ओलांडून घरी आला. आल्या आल्या पाना घेऊन त्याने शिकंजा उजवीकडून सोडवला, डावीकडच्या गुल्ल्या फोडून काढल्या आणि शिकंजा बापाच्या जागी बसवला. तोंडाला एका बाजूने साबण वाळत होता. धाकटा दारात उभा राहून बघत होता. "मला सांगायचंस, मी केलं असतं," एवढंच तो म्हणाला.

तेव्हापासून धाकटा खिडकीजवळ जमिनीवर बसून काम करू लागला. गुडघ्यांत फळी दाबून धरायची आणि डाव्या हाताने करवत चालवायची. तक्रार नाही की तोंड वाकडं नाही. त्याने एकदा तोंड वाकडं केलं असतं तर फौजीला केवढा आधार वाटला असता!

बाकडं मिळालं, पण हात कुठून आणायचा? रंध्याची मूठ दोन बोटं आणि अंगठ्यात बसेना. जोर लावला की रंधा तिरका पळायचा आणि फळीवर ओरखडा उठायचा. "बाकड्याची पातळी गेलीय," फौजी म्हणाला. त्याने पायाखाली पाचर मारून पाहिली. "शिकंजा नीट बसला नाही." त्याने तो पुन्हा आवळला. समोरून न्हावी ओरडला, "नाचता येईना अंगण वाकडं!" आणि सगळं दुकान हसलं. एका बाईने कपाटाचं दार करायला दिलं होतं. ती घ्यायला आली, दारावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "धाकट्यांच्या हातचं नाही का?" दुसऱ्या दिवशी त्या दारावरचे ओरखडे नाहीसे झाले होते. कुणी केलं ते कुणी बोललं नाही. फौजीच्या अंगाचा तिळपापड झाला.

धाकट्याने एकदा धीर केला. "दादा, रागावू नकोस. डाव्या हाताने करून बघ ना. मी दाखवतो. जड नाही, फक्त सगळं उलटं मनात धरायचं."

"तुझं उष्टं शिकू मी?" फौजी ओरडला. "माझं बाकडं घेतलंस, माझं नाव घेतलंस, आता माझा हातही तुझ्यासारखा करायचाय?"

धाकट्याने मान खाली घातली. तो भांडायला उठलाच नाही.

आता फौजीला जगाकडून एकच गोष्ट हवी होती. त्या पोरीने एकदा, फक्त एकदा, काकाला सोडून आपल्याकडे धावत यावं. बाकी सगळं धाकट्याने खुशाल ठेवावं.

आणि अशात त्याने पाहिलं. धाकट्याने भिंगरीला एक छोटा रंधा करून दिला होता. ती जमिनीवर बसून एका पट्टीवर तो चालवत होती, जीभ ओठांच्या कोपऱ्यात, आणि रंधा होता डाव्या हातात. थेट काका. तेच कोपर, तीच मान. बोलणं काकाचं, नाव काकाचं, आता हातही काकाचा!

"हे तू शिकवलंस?" त्याने धाकट्याला विचारलं.

"मी कशाला शिकवू? मी तर उजव्या हातातच दिला होता. तिने आपोआप बदलला. हात जन्मतःच येतो दादा, तुला ठाऊक आहे."

"मला काही ठाऊक नाही. तुला पाहून पाहून उचललंय तिने. यापुढे तिला मी शिकवीन."

दोन दिवसांनी धाकट्याला नदीपलीकडच्या शाळेची बाकं करायचं काम मिळालं आणि तो हत्यारं बांधून तिकडे राहायला गेला. काम त्याला मिळालं की त्याने मागून घेतलं, देव जाणे. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "हाकलून दिलंत ना त्यांना?" फौजीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. किती दिवसांनी त्याने पोटभर जेवून घेतलं.

पहिला दिवस गोड गेला. भिंगरी कारखान्यात आली, बापाने तिला बाकड्याशी खोक्यावर उभं केलं. पट्टी शिकंज्यात घातली, रंधा तिच्या उजव्या हातात दिला. ती दोनदा घासायची आणि तिसऱ्यांदा रंधा डाव्या हातात. "उजवा," फौजी म्हणायचा. ती बदलायची, आणि पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. ती लबाडी करत नव्हती, हात आपला आपणच जात होता. पण फौजीला तो हात दिसतच नव्हता. त्याला दिसत होता तिच्या खांद्यावर बसलेला धाकटा.

"उजवा म्हटलं ना!"

"हो," ती म्हणाली. आणि रंधा डाव्या हातात.

फौजी दाराकडे गेला. दारामागच्या खिळ्याला बापाचं गेरूचं सूत अजून टांगलेलं होतं. ते कधी काढून घेतलं हे त्याचं त्यालाच कळलं नाही. एक टोक बाकड्याच्या पायाला अडकवलं. "आण तो हात इकडे," तो म्हणाला. आवाज त्याचा स्वतःचा वाटला नाही, पण ओळखीचा होता.

पोरगी रडेल, आईला हाक मारेल, असं त्याला वाटलं. तशी त्याने तयारीही ठेवली होती. पण भिंगरीने सूत पाहिलं आणि तिचे डोळे एकदम चमकले. तिने आपण होऊन डावं मनगट पुढे केलं. "घट्ट बांधा हं," ती म्हणाली. "सैल नको."

त्याने बांधलं. धड असलेल्या हाताने आणि उरलेल्या बोटांनी जमेल तशी गाठ मारली, आणि ती घट्ट बसली. मग त्याने तिच्या उजव्या हातात रंधा दिला. भिंगरीने तो हळूच बाजूला ठेवला. ती खोक्यावर तशीच उभी राहिली, बापाच्या तोंडाकडे बघत, हसू दाबत, जसं पोरं लपंडावात दाबतात.

"काय झालं? चालव ना," फौजी म्हणाला.

"आता तुम्ही खाली या."

"कुठे खाली?"

"बाकड्याखाली! आणि दातांनी सोडवा." ती अधीर झाली. "आजोबा बांधतात आणि बाबा येऊन सोडवतात. काकाची गोष्ट आहे. रोज सांगतो तो मला झोपताना. तुम्ही इकडे नव्हतात तेव्हा मी विचारायचे, बाबा कसे आहेत, तर तो हीच गोष्ट सांगायचा. म्हणायचा, तुझे बाबा म्हणजे गाठ सोडवणारा माणूस. कोणी मला बांधलं ना, तर ते येणार आणि सोडवणार." तिने मनगट ओढून दाखवलं. "सोडवा ना. दुखतंय आता."

रोज झोपताना. फौजी तिकडे पेट्या ठोकत होता, बोटं गमावत होता, आणि इकडे हा डावखुरा त्याच्या पोरीच्या मनात रोज एक बाप घडवून ठेवत होता, तो स्वतः कधी झाला नसता इतका चांगला. आणि तो बाप घरी आला आणि त्याने केलं काय?

तो भुशात गुडघे टेकून बाकड्याखाली वाकला. आधी बोटांनी पाहिलं. उजवा हात नुसताच गाठीवरून घसरला. मग त्याने तोंड लावलं. गाठ पक्की होती, बापाच्या गाठीसारखीच, आणि ती त्याने स्वतः मारली होती. दात दुखले. तोंडात गेरूची मातकट चव उतरली आणि त्या चवीबरोबर डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने थांबवलं नाही. सूत सुटलं. भिंगरीच्या मनगटावर लाल रेघ उमटली होती.

"बाबा, तुमचं तोंड लाल झालंय!" ती टाळ्या पिटत म्हणाली. "आता पुन्हा बांधा, पुन्हा."

"नाही," फौजी म्हणाला. "आता पुन्हा नाही." तो बराच वेळ भुशातच बसून राहिला. मग उठला, तोंड पुसलं, सूत गुंडाळून खिळ्याला लावलं. जाळून टाकावंसं वाटलं, पण सुताराच्या घरात सूत लागतंच. आणि पाना शोधायला लागला.

धाकटा आठवड्याच्या सुट्टीला घरी आला तेव्हा त्याला आधी दिसला तो शिकंजा, उजव्या टोकाला. डावीकडची भोकं नव्या गुल्ल्यांनी बुजवलेली होती आणि त्या गुल्ल्या अशा वेड्यावाकड्या बसल्या होत्या की बाप चितेवरून उठून आला असता. बाकड्याशी फौजी उभा होता, रंधा डाव्या हातात, घामाघूम. शेजारी खोक्यावर भिंगरी.

"कोपर आत घ्या, बाबा! आत! किती वेळा सांगायचं?"

काकाला पाहताच ती उडी मारून धावली. फौजीच्या काळजात सवयीने कळ आलीच. भिंगरी काकाला सांगत होती, "बाबांनी गाठ सोडवली! दातांनी! अगदी गोष्टीतल्यासारखी!"

धाकट्याचं हसू विरलं. गाठ सुटायची तर आधी कुणीतरी बांधलेली असते, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? त्याने नकळत आपलं डावं मनगट चोळलं आणि थोरल्याकडे पाहिलं.

"मीच बांधली होती," फौजी म्हणाला. त्याने नजर खाली केली नाही; तेवढं तरी तो लढाईत शिकला होता.

धाकट्याने भिंगरीचं मनगट हातात घेऊन पाहिलं. मग तिला विचारलं, "घट्ट होती?"

"खूप!"

"मग दात दुखले असतील त्याचे," धाकटा म्हणाला, आणि त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

फौजी पुन्हा बाकड्याकडे वळला. रंधा फळीवरून गेला आणि एक तुटकं, आखूड सालपट बाहेर पडलं. भिंगरीने ते उचलून उजेडात धरलं. "काकाचं याहून लांब निघतं," ती म्हणाली. फौजीला मिरची झोंबली. झोंबायचीच, जन्माची खोड एका गाठीबरोबर जात नाही. त्याने आपला रंधा बाजूला ठेवला. त्याची मूठ उजव्या हाताची होती, ती डाव्यात टोचत होती.

"तुझा रंधा दे जरा," तो न वळता म्हणाला.

धाकट्याने पिशवीतून रंधा काढला. डाव्या तळव्याने झिजून झिजून त्याची मूठ गुळगुळीत झाली होती. द्यायच्या आधी तो क्षणभर थांबला.

"उष्टा आहे, दादा."

"दे म्हटलं ना," फौजी म्हणाला, आणि त्याने डावा हात मागे पसरला.